तबल्यावर कोण होतं, तेवढं तरी सांगा

जुन्या शास्त्रीय रेकॉर्डिंगचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्या म्युझिक कंपन्यांना, आणि ती रेकॉर्डिंग ऐकवणाऱ्या ॲपवाल्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

मी मिरजेत राहते. मी गात नाही, संगीताची कुठली परीक्षा दिलेली नाही, बँकेत नोकरी करते आणि फक्त ऐकते, पण ऐकते ते कळायला लागल्यापासून. वडील रेल्वेत होते, पगार बेताचा, तरी दोन-तीन महिन्यांनी एखादी एलपी घरात यायचीच, त्यावरून आई चिडायची आणि रात्री तीच आई ओटा आवरून पदराला हात पुसत येऊन बसायची. त्या रेकॉर्डी अजून माझ्याकडे आहेत. प्लेयर मात्र बंद पडलाय, सुई मिळाली तर दुरुस्त करणारा मिळत नाही अशी गत, त्यामुळे गेली काही वर्षं आम्हीपण सगळ्यांसारखं तुमच्या ॲपवरच ऐकतो आणि वर्षाचे पैसे भरून ऐकतो, हे आधीच सांगून ठेवते.

आमच्याकडे दर शनिवारी रात्री पाच-सहा जण जमतात. शनिवारच का, तर रेडिओवर संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम शनिवारी रात्री साडेनऊला लागायचा, वडील गेले तरी घराला ती वेळ लागलेली आहे. एक रिटायर झालेले हेडमास्तर काका येतात, माझी मावसबहीण येते, तिचा मुलगा पुण्याहून आलेला असला तर तोही बसतो, आणि एक सतारमेकर मामा. मामा नात्यातले नाहीत, सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणते, आयुष्यभर तंबोरे केलेत त्यांनी. आणि आम्ही काय करतो, तर वाद घालतो. काकांचं म्हणणं किशोरी आमोणकरांच्या, म्हणजे किशोरीताईंच्या, भूप रागाची एलपी ती एलपी, विलंबितात, म्हणजे संथ लयीत, 'प्रथम सूर साधे' आणि त्यावर 'सहेला रे', एवढं रेखीव कुठे सापडायचं नाही. मावसबहिणीला ते अजिबात पटत नाही, ती म्हणते एलपीत ताई घड्याळाकडे बघून गातायत, रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं बसतात म्हणून सगळं आवरतं घेतलंय, खरा भूप ऐकायचा तर पुढच्या काळातल्या मैफलीतला, जिथे त्या गंधारावर, म्हणजे 'ग'वर, येऊन अशा थांबतात की पुढे जायची घाई त्यांनाही नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही. अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लागला की सगळे गप्प. तिथे दुमत नाही. पण ती रेकॉर्ड उलटली की पलीकडे दरबारी आहे, आणि दरबारी मोठा का मारवा यावर एकदा रात्रीचे दोन वाजले होते. मल्लिकार्जुन मन्सूरांचं नाव निघालं की काका म्हणतात प्रस्तावना नाही, लाडीगोडी नाही, पहिल्याच आवर्तनात राग तुमच्यापुढे उभा. मामा भीमसेन जोशींचे, म्हणजे अण्णांचे, त्यातही तरुण आवाजातल्या अण्णांचे, आणि आई असती तर म्हणाली असती, ते तुमचं राहू दे, 'माझे माहेर पंढरी' लावा आधी.

कुणी जिंकावं म्हणून आम्ही भांडत नाही. एकाने काहीतरी बोलायचं, दुसऱ्याने 'थांब, लावूनच दाखवते' म्हणायचं, आणि मग पाऊण तास कुणी बोलायचं नाही. लावून दाखवता येणं हाच त्यातला सगळा जीव. आणि तेच तुमच्यामुळे अवघड होऊन बसलंय, म्हणून हे पत्र.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. अशाच एका एलपीवरून वाद लागला (तिचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे एका रेकॉर्डपुरतं किंवा एका कंपनीपुरतं राहिलेलं नाही). ॲपवर शोधायला गेले तर महिन्यापूर्वी जिथे ती होती तिथून गायब. तिच्याऐवजी एक नवीन संग्रह आलेला, नाव 'शांत संध्याकाळ' छापाचं, कव्हरवर कमळ आणि सतार. गाणाऱ्याच्या रेकॉर्डवर सतार कशासाठी ते मला माहीत नाही. असो, तोच राग दिसला म्हणून लावला. विलंबित सुरू झालं, हीच ती रेकॉर्ड हे सगळ्यांनी ओळखलं, बढत झाली, ताना सुरू झाल्या, एक लांबलचक तान तार षड्जाला जाऊन वळली आणि उतरायला लागली, काकांनी नेहमीप्रमाणे समेसाठी, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसाठी, मांडीवरचा हात उचलला, आणि आवाज बारीक होत होत गेला. सम आलीच नाही. नऊ मिनिटांत ख्याल संपवला होता. काकांचा हात तसाच वर राहिला. ते काही बोलले नाहीत, चप्पल घालून घरी गेले. बावीस मिनिटांचं विलंबित त्यांनी गेली पन्नास वर्षं ऐकलंय, पुढची प्रत्येक जागा त्यांना पाठ आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मेल केली, 'आपली तक्रार आम्हाला मिळाली' असं छापील उत्तर आलं. परत केली, परत तेच छापील उत्तर. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय आणि एकेक करून सगळंच सांगते.

सगळ्यात आधी ही कापाकापी. तुम्हाला वाटत असेल एवढं लांब कोण ऐकतं. बडा ख्याल लांब असतो कारण तो हळूहळू वाढतो, एकेक सूर घेऊन पायरी पायरीने चढतो, त्यातली पहिली नऊ मिनिटं ठेवणं म्हणजे घराचा पाया ठेवून भिंती पाडणं. आणि समेच्या आधी आवाज उतरवणं ही चूक तर ज्याने आयुष्यात एकदा भजनाला टाळ धरलाय तोही करणार नाही. तांत्रिक कारणाने तुकडा करावाच लागला तर 'संपादित' असं स्पष्ट लिहा आणि शेजारी पूर्ण ठेवा. पूर्ण काढून टाकून तुकडाच तेवढा ठेवायचा, आणि तो तुकडा आहे हे ऐकणाऱ्याला सांगायचंही नाही, हे मला सहन होत नाही.

दुसरी गोष्ट साथीदारांची आणि माझ्यासाठी हीच मोठी आहे. तुमच्या ॲपवर गायकाचं नाव असतं आणि तिथेच सगळं संपतं. तबला कुणाचा, पेटी कुणाची, सारंगी कुणाची, मागे तंबोऱ्यावर कोण, स्वरसाथ कुणाची, काही नाही. अहो, वसंतराव आचरेकरांच्या तबल्याशिवाय कुमार गंधर्व तुम्ही कसे ऐकवणार? कुमारजी ज्या लयीत, ज्या तुटक तुटक जागा घेत गातात तिथे मधल्या मोकळ्या जागेत ठेका कसा ठेवायचा, कुठे नुसतं हलकं राहायचं, हे त्या माणसाने आयुष्यभर सांभाळलं. अण्णांच्या मागे चंद्रकांत कामत असले की ऐकायला वेगळं लागतं आणि नाना मुळे असले की वेगळं, हे आमच्याकडे मावसबहिणीचा मुलगासुद्धा ओळखायला लागलाय. अप्पा जळगावकर, पुरुषोत्तम वालावलकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर, या माणसांची पेटी ऐकायला म्हणून आम्ही मुद्दाम एखादं रेकॉर्डिंग परत लावतो. आता शोधच्या चौकटीत गोविंदरावांचं नाव टाका, काय येतं बघा. ज्या शेकडो मैफलींत ते वाजवत होते त्यातल्या मोजून दोन-चार. बाकी ठिकाणी त्यांचे हात ऐकू येतात, नाव कुठे नाही.

यात एक फार जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान या गायिकेचं गाणं रेकॉर्ड झालं तेव्हा गाणं संपता संपता ती स्वतःच मोठ्याने सांगते, 'माय नेम इज गौहरजान'. रेकॉर्डिंग इथे व्हायचं आणि तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला, तिथल्या माणसाला लेबलवर कुणाचं नाव घालायचं ते कळावं म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, भाषा येत नसलेल्या परक्या कारागिराच्या हातात तबकडी जायची तरी नाव चुकू नये याची काळजी घेतली जात होती. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी तबकडी गेली तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांचं 'जात कहाँ हो' आहे, साडेतीन मिनिटांची भैरवी, आणि त्या यादीत बाईंचं नाव 'सूरश्री' या बिरुदासकट लिहिलंय. साथीदार मात्र तिथेही लिहिलेले नाहीत, आणि ते मला आजही लागतं. पण तबकडीवरचं नाव राखायची रीत गौहरजानच्या काळापासूनची आहे, तुम्ही ती मोडू नका.

माझ्या घरातलं सांगते. वडील रेडिओवरून कॅसेट भरायचे. नियम असा की प्ले आणि रेकॉर्ड ही दोन बटणं निवेदन सुरू व्हायच्या आधी एकदम दाबायची, गाणं सुरू झाल्यावर नाही. 'तबल्यावर साथ करताहेत...' हे वाक्य कॅसेटवर आलंच पाहिजे. मग कॅसेटच्या कार्डावर निळ्या बॉलपेनने राग, ताल, साथ, तारीख लिहायची. एकदा त्यांना स्टेशनवरून यायला उशीर होणार होता म्हणून ते काम माझ्याकडे दिलं, मी तेव्हा आठवीत असेन, अभ्यासाच्या नादात दोन मिनिटं उशीर केला आणि निवेदन हुकलं. ते रागावले नाहीत. घरी आले, ऐकलं, आणि कार्डावर लिहिलं, 'तबला – ?'. पुढे कुणी जाणकार घरी आला की ती कॅसेट लावायचे, हा हात कुणाचा ओळखा म्हणायचे, वेगवेगळी नावं यायची, कधी खात्री झाली नाही. वडील जाऊन अकरा वर्षं झाली. तो प्रश्नार्थक कार्डावर अजून तसाच आहे. एका आठवीतल्या मुलीच्या दोन मिनिटांच्या निष्काळजीपणाने एका वादकाचं नाव पुसलं गेलं हे मला आज पंचावन्नाव्या वर्षी टोचतं, आणि तुमच्याकडे तर नावं होती, कव्हरच्या मागच्या बाजूला छापलेली होती, ती ॲपवर चढवताना कुणीतरी गाळली.

तारीख आणि जागा. हे कशाला हवं असं विचारू नका, याशिवाय बोलताच येत नाही. कुमारजींचंच घ्या. लहानपणी नवल म्हणून गाजलेले कुमारजी, मग क्षयाचं दुखणं, १९४८ मध्ये देवासला जाऊन राहणं, काही वर्षं गाणंच बंद, आणि त्यानंतर उभं राहिलेलं ते सगळं वेगळं गाणं, छोट्या छोट्या झेपांचं, माळव्याच्या लोकगीतांनी भिजलेलं. आधीचं आणि नंतरचं यात केवढं अंतर. ज्याने आज पहिल्यांदा ऐकायला घेतलंय त्या पोराला तुम्ही दोन्ही एका संग्रहात मागेपुढे ठेवून देता, साल नाही, काही नाही, तो बिचारा म्हणतो हे गाणारे दोघे वेगळे आहेत का. भीमसेनअण्णांचा साठच्या दशकातला आवाज आणि ऐंशीच्या दशकातला आवाज यावर आम्ही भांडायचं कसं, जर कुठलं कधीचं तेच कळत नसेल? किशोरीताईंचं तेच. पुढे पुढे त्यांचं गाणं आलापात किती पसरत गेलं, लय किती उतरत गेली, घराण्याच्या चौकटीपासून त्या कुठे आणि का सरकल्या, हा आमच्या मावसबहिणीचा आवडता विषय, पण तिला पुरावा म्हणून जे रेकॉर्डिंग लावायचंय त्यावर तुम्ही जे साल टाकलंय ते तुम्ही ॲपवर चढवल्याचं साल आहे. ताई २०१७ च्या एप्रिलमध्ये गेल्या आणि तुमच्या ॲपवर त्यांची एक मैफल २०१९ ची दिसते. माझी एवढीच विनंती की हे एकदा तुमच्या डोळ्यांनी बघा.

विलंबित आणि द्रुत, म्हणजे जलद लयीतला भाग, वेगळे पाडून दोन ट्रॅक करता, तेही एक वेळ चालेल. पण ॲप आपणहून क्रम बदलतं. आधी द्रुत लागतं, मग कुणाची तरी ठुमरी, मग मघाच्या रागाचं विलंबित, आणि मधे जाहिरात. शास्त्रीय संगीताच्या अल्बमला क्रम बदलायची सोय मुळात बंदच ठेवा, एवढं साधं आहे.

आता मामांची तक्रार, ती त्यांच्याच शब्दांत सांगायला हवी. जुन्या रेकॉर्डी 'स्वच्छ' करून नव्याने आणल्यात असं वाचलं म्हणून मी त्यांना त्यातली एक हेडफोनवर ऐकायला दिली. मामांनी डोळे मिटले, मिनिटभर ऐकलं आणि म्हणाले, 'तंबोरा कुठाय?' मी म्हटलं आहे की मागे. म्हणाले, 'तारा आहेत, जवारी नाही. जवारी खाल्ली यांनी.' ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, तंबोऱ्याच्या घोडीचा वरचा भाग अगदी जरासा गोलसर घासतात, तार त्यावर किंचित टेकत टेकत हलते, आणि तिच्याखाली सुती दोरा बरोबर जागेवर सरकवला की सूर उघडतो, एका तारेतून कितीतरी सूर फुलल्यासारखे ऐकू येतात. तेवढी घोडी बरोबर घासायला मामांना कधी कधी अख्खा दिवस जातो. आता रेकॉर्डची खरखर आणि जवारीची ही बारीक झणझण यंत्राला सारखीच वाटते, खरखर काढायची म्हणून जास्त जोर लावला की जवारी तिच्याबरोबर जाते आणि गाणारा एकटा, कोरड्या खोलीत उभा राहून गातोय असं वाटतं. खरखर आम्हाला चालते हो. आम्ही खरखरीतूनच मोठे झालो. स्वच्छ केलेलं ज्यांना हवं त्यांना द्या, पण जसं होतं तसंही शेजारी ठेवा.

आणि पट्टी, म्हणजे गाणाऱ्याने धरलेला मूळ सूर. अब्दुल करीम खाँसाहेब म्हणजे आमच्या गावचं दैवत, इथे मिरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांची कबर आहे, उरुसाला तिथे दरवर्षी गाणं होतं, मोठमोठे लोक हजेरी लावून जातात. त्यांची झिंझोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' मी एकाच ॲपवर दोन संग्रहांत ऐकली आणि दोन्हीकडे पट्टी वेगळी. मामांनी तंबोरा मिळवून बघितला, अर्ध्या सुराचा फरक निघाला. जुन्या तबकड्या सगळ्याच बरोबर मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वेगाने फिरत नव्हत्या, कुठली किती वेगाने फिरवायची हे ठरवायला जाणकार कान लागतो, तो लावलेला दिसत नाही. या दोनातली खाँसाहेबांची खरी पट्टी कुठली, हे त्यांच्या कबरीपासून चालत दहा मिनिटांवर राहून मला सांगता येत नाही.

रागांच्या नावांचे घोटाळे किती सांगू, मारुबिहागाखाली बिहाग, शुद्ध कल्याणाला भूप, एका गायकाची चार स्पेलिंगं आणि त्यामुळे चार वेगवेगळी पानं, कुठे पंडित लावून, कुठे न लावता. संगीतकार म्हणून 'पारंपरिक', जिथे बंदिश कुमारजींची स्वतःची आहे आणि त्यांच्या 'अनूपरागविलास'मध्ये छापलेली आहे तिथेसुद्धा.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. हजारो तासांचं सामान आहे, जुन्या टेपा खराब होतायत, यातून पैसा फार सुटत नसणार. आणि तुम्ही हे फोनवर आणलंत याबद्दल मी खरंच आभारी आहे. माझ्या लहानपणी मन्सूरांचा शिवमत भैरव ऐकायचा तर वडिलांना कुणाच्या तरी ओळखीने धारवाडहून कॅसेटवर भरून आणावा लागायचा, आज लातूरच्या हॉस्टेलमधला पोरगा तो रात्री पांघरुणात ऐकू शकतो, ही फार मोठी गोष्ट आहे. त्या पोराला अर्धवट आणि निनावी देऊ नका एवढंच म्हणणं आहे. कायद्याचंही थोडं वाचलंय मी. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे तुमच्याकडच्या कितीतरी रेकॉर्डींवर तो संपलेला आहे किंवा संपत आलाय. आणि २०१२ च्या दुरुस्तीत कलाकाराचं नाव त्याच्या कलेबरोबर सांगितलं जावं हा त्याचा हक्क मानलेला आहे, माझ्या समजुतीप्रमाणे तबलजी हाही कलाकारच. पण मला कोर्टकचेरी करायची नाही. तबलजीचं नाव लिहायला कोर्टाने सांगावं लागू नये.

मागण्या साध्या आहेत. पूर्ण रेकॉर्डिंग परत लावा, आणि काढून टाकायचं असेल तर आधी महिनाभर तसं जाहीर करा. प्रत्येक रेकॉर्डिंगखाली सगळ्या साथीदारांची नावं लिहा आणि ती शोधता येतील अशी लिहा, म्हणजे गोविंदरावांचं नाव टाकलं की त्यांनी वाजवलेलं सगळं पुढे यायला हवं. रेकॉर्डिंग कधीचं, कुठलं, स्टुडिओतलं का मैफलीतलं, आधी कुठल्या एलपीवर किंवा कॅसेटवर आलं होतं, हे लिहा. जिथे माहिती नाही तिथे 'माहीत नाही' असं लिहा, आम्हाला चालेल, रिकामी जागा आणि चुकीचं साल चालणार नाही. मूळ कव्हरच्या दोन्ही बाजूंचे फोटो ठेवा, मागच्या बाजूला जाणकारांनी लिहिलेली टिपणं असतात, आमच्यातल्या निम्म्या लोकांनी राग त्या टिपणांवरून शिकलाय. विलंबित-द्रुत एकत्र ठेवा. स्वच्छ न केलेली प्रत ठेवा. ज्या रेकॉर्डी तुम्ही परत काढणारच नाही आहात त्यांच्या प्रती एखाद्या सार्वजनिक संग्रहाला ऐकण्यापुरत्या द्या, लोकांना तिथे जाऊन तरी ऐकता येईल. आणि चूक कळवायला एक जागा द्या, जिच्या पलीकडे माणूस असेल, ज्याला मारवा आणि पूरिया या रागांतला फरक कळतो.

नावं हरवली असतील तर आम्ही देऊ. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, त्या लोकांनी आपल्या खिशातून याद्या करण्यात वर्षं घातली, त्यांना विचारा. आणि गावोगावी माझ्यासारख्यांच्या कपाटात कव्हरं पडून आहेत. आमच्या घरातल्या त्रेसष्ट एलपींच्या कव्हरांचे पुढून-मागून फोटो मावसबहिणीच्या मुलाने गेल्या दोन रविवारी काढले, वडिलांच्या वहीतल्या नोंदी मी टाइप करायला घेतल्यात, अर्ध्याअधिक झाल्या. ज्या कुणाला तुमच्याकडून हे काम नेमाल त्याचा पत्ता कळवा, सगळं पाठवते, एक पैसा नको.

काका गेले दोन शनिवार आलेले नाहीत. आले की त्यांना आधी ती रेकॉर्ड पुरी ऐकवायची आहे. उत्तराची वाट बघते.

आपली,
मिरजेची एक श्रोती